अक्काच्या दारावरचा डहाळा

अन्याय झाला तो अमीनाबी कल्हईवालीवर. कधी झाला तेही सांगून टाकतो, म्हणजे 'कुणीतरी', 'केव्हातरी' अशी पळवाट कुणाला राहायला नको. सन १९३५, फाल्गुन वद्य अष्टमी, नळाला पाणी येऊन अर्धा तास झाला असेल. जागा : जुन्या नाशकातली आमची तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांची आळी. त्या सकाळी तिची भरलेली घागर लाथेनं आडवी केली, तिच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं, आणि दुपारच्या गाडीनं तिला इगतपुरीला भावाकडे जावं लागलं. हे करणारे वीस-पंचवीस जण होते. मी तिथंच उभा होतो. लाथ मी मारली नाही. मी केलं ते त्याहून वाईट होतं, ते पुढे येईलच.

आता या सदराविषयी. इथं लोक विहिरीवरच्या बाईच्या आणि पिंपळावरच्या आवाजांच्या हकिकती लिहितात. त्या जुळवता जुळवता मी हसत आलोय — 'जुळवता जुळवता' म्हणालो, कारण मी छापखान्यात कंपोझिटर आहे. वय तेवीस. आमच्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहितो, छपाईचे खिळेही मीच जुळवतो. अंगात येणाऱ्यांवर, नवसावर, गंड्यादोऱ्यावर मी जितकं लिहिलंय तितकं आळीत कुणी वाचलंसुद्धा नसेल. तेव्हा हा माणूस अशा सदरात काय करतोय, असं माझ्या ओळखीच्यांना वाटेल. वाटू द्या. पाहिलं ते लिहितो. कारण विचारू नका, माझ्याजवळ नाही.

यंदा शिमग्याच्या आधीपासूनच गावात देवीची साथ होती. घरात कुणाला देवी आल्या की दाराच्या चौकटीवर कडुनिंबाचा डहाळा खोचायचा, ही आपल्याकडची रीत. मग त्या घरात फोडणी नाही, पाहुणा नाही, शेजारपाजारच्या भट्ट्यांवर ठोका नाही. मला हे सगळं एकजात अडाणीपणाचं वाटायचं. रोग्याला डॉक्टर हवा, दाराला पाला कशाला? 'डहाळा म्हणजे अज्ञानाची पाटी' असं पत्रकच काढलं मी. काढून थांबलो नाही. मंडळाचे चौघे घेऊन भर सकाळी आळीतले डहाळे उपटत निघालो.

तिसऱ्या दारापाशी अमीनाबी भेटली. पन्नाशीची विधवा. नवऱ्यामागं कल्हईचा भाता तिनंच चालवला. आळीत घडलेलं प्रत्येक भांडं शेवटी तिच्या हाताखालून जायचं. चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, म्हणून ती साथीत कुठल्याही घरात जाऊन रोग्याशी बसायची. हिंदूचं घर असो, मुसलमानाचं असो. उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडवून ती दर घटकेला मुलांचे डोळे पुसायची. निंबाचा पाला नदीपलीकडून तीच आणायची.

"केशव, ते काढू नको," ती म्हणाली.

"का खाला?" मी म्हणालो. सगळी आळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. "देवी रागावेल?"

"देवीचं आणि तुझं तुम्ही दोघं बघून घ्या. मी दाराचं बोलतेय. तुझा कागद आळीत किती जणांना वाचता येतो?"

"वीसेक."

"आणि हा डहाळा?"

अडलो की मी टोमणा मारतो, ती माझी खोड आहे. "खाला, तुम्ही कल्हई करा, सुधारणा आमच्यावर सोडा." पोरं हसली.

"करते की," ती म्हणाली. "पण कल्हईच्या आधी भांडं घासून घ्यावं लागतं बेटा. तुझं डोकं घासायला कोण बसणार?"

पोरं आणखी हसली. मी डहाळा उपटलाच.

त्याचं फळ चार दिवसांत दिसलं. खूण नसलेल्या घरात शेजारीण तान्हं कडेवर घेऊन विरजण मागायला गेली, आत देवीचं मूल निजलंय हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे दोन आठवड्यांनी ते तान्हंही देवी येऊन निजलं. हे मी माझ्याच पत्रकाच्या खात्यावर धरतो, कुणी सांगायची गरज नाही.

मध्यंतरी म्युनिसिपालिटीचे देवी-डॉक्टर आळीत लस टोचायला आले. आले ते नेमके रंगपंचमीच्या तोंडावर. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : आमच्या चौकात जमिनीत एक दगडी हौद आहे, त्याला रहाड म्हणतात. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेली असते. फक्त रंगपंचमीला उघडायची, रंगाच्या पाण्यानं भरायची, आणि लहानथोरांनी धप्पकन उड्या घ्यायच्या. आता टोचलेला दंड काही दिवस भिजवायचा नसतो. झालं. सगळी आळी म्हणाली, पंचमी होऊ द्या, मग टोचा.

आमचे पंच गोविंदशेट हात जोडून डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पोरं वर्षभर वाट बघतात."

"रोगही पंचांग बघून येतो का हो?" डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. आणि मी, टोचणीचा एवढा मोठा पुरस्कर्ता, मी काय केलं? आळीशी वैर नको म्हणून 'षष्ठीस टोचणी' असं हँडबिल छापून द्यायचं कबूल केलं. माझी थोरली बहीण अक्का आळीतच दिलेली, तिची सुमन सात वर्षांची. तिलाही पंचमीनंतरच टोचायचं ठरलं. दाजी म्हणाले, "तिनं रहाडीसाठी जुना परकर काढून ठेवलाय. मोडू नका तिचं मन." मी मोडलं नाही.

इथून पुढे विचित्र आहे.

आम्ही डहाळे उपटल्याच्या तिसऱ्या दिवशी विठोबा तांबटाच्या दारावर डहाळा आला. घरात कुणी आजारी नाही. विठोबा म्हणाला मी लावला नाही, बायको म्हणाली मी नाही. मी तो काढून फेकला. दोन दिवसांनी विठोबाच्या धाकट्याला ताप, मग अंगावर देवी. त्याच सुमारास शेजारच्या शिंप्याच्या दारावर डहाळा. तिथंही सगळे धडधाकट. तोही मी फेकला. तिथं शिंपीणबाईच निजल्या.

आळीत कुजबुज सुरू झाली. आधी डहाळा, मग देवी. आणि पाला कोण आणतं? अमीनाबी. "ती दारावर लावून बोलावणं धाडते," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते आवडलं. मला हसू आलं, पण माझाही समज वेगळा नव्हता, मी फक्त देवीऐवजी 'खोडसाळपणा' हा शब्द वापरत होतो. कुणीतरी हे करतंय, त्याला पकडायचं आणि त्यावर फक्कड पत्रक काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

विठोबा, त्याच्या शेजारी शिंपी, आणि शिंप्याच्या शेजारी अक्का. ओळीनं तिसरं दार तिचं. म्हणून वद्य चतुर्थीला सकाळी दहापासून मी अक्काच्या समोरच्या ओट्यावर ठाण मांडून बसलो. मांडीवर त्या टोचणीच्या हँडबिलाचं प्रूफ. आळी इतकी अरुंद की समोरच्या ओट्यावरच्याला हात लांब करून सुपारी द्यावी. दोन्ही टोकं मला दिसत होती. सुमन उंबऱ्यावर सागरगोटे खेळत होती. अक्का आत भाकऱ्या करत होती, हातांनी थापटल्याचा आवाज येत होता.

दोन तासांत त्या दारी कोण आलं तेही सांगतो. दूधवाला, तो ओट्यावरच भांडं ठेवून गेला. एक गाय. आणि विठोबाची म्हातारी आई, ती अक्काशी खिडकीतून बोलली, दाराकडे वळलीसुद्धा नाही. अमीनाबी त्या सकाळी आळीत नव्हतीच, नदीपलीकडे पाला आणायला गेली होती. बारा वाजता जेवणाची सुट्टी झाली तसे भट्ट्यांवरचे ठोके थांबले. आळी रिकामी झाली. मी एका ओळीतली चूक दुरुस्त करायला मान खाली घातली. एक ओळ. 'टोचून घेणे हे प्रत्येक नागरिकाचे' एवढीच ती ओळ होती, आणि त्यात वेलांटी चुकली होती.

"मामा, पाणी पडतंय," सुमन म्हणाली.

मी मान वर केली. ती डोक्यावरून हात फिरवत वर बघत होती. तिच्या डोक्यावर, चौकटीच्या वरच्या फटीत, डहाळा खोचलेला होता. आत्ताच धुतल्यासारखा. पानांच्या टोकांवरून थेंब गळत होते… फाल्गुनातल्या बाराच्या उन्हात.

मी उठून दोन्ही टोकांना पळालो. कुणी नाही. वर कौलांकडे पाहिलं, खिडक्या पाहिल्या. अक्काच्या माडीची खिडकी आतून बंद, तिथं गोवऱ्या रचलेल्या. माकडं म्हणाल तर त्या आठवड्यात आळीत फिरकलीच नव्हती, आणि माकड डहाळा धुऊन फटीत ठोकत नाही. हो, ठोकलेला. हंडा पालथा घालून त्यावर चढलो तरी तो हातानं निघेना. खिशातल्या टोच्यानं, आम्ही चुकीचा खिळा उचलायला वापरतो त्या सुईसारख्या हत्यारानं, उचकटून काढावा लागला.

आणि दुसरी गोष्ट. त्या दिवसांत निंबाची पानगळ चालू होती. आळीतलं एकुलतं झाड खराट्यासारखं, अमीनाबी पलीकडून आणायची तोही तांबूस कोवळा पाला. हा डहाळा मात्र गर्द हिरवा, जून पानांचा, श्रावणात असतो तसा. मी नंतर तीन दिवस नदीचे दोन्ही काठ पालथे घातले. तसं एक पान कुठं मिळालं नाही.

सुमन म्हणाली, "आईला सांगू?"

मी डहाळा कोटाच्या खिशात कोंबला. "नको. सांगितलंस तर उद्या रहाडीत सोडणार नाही ती."

हे वाक्य मी सात वर्षांच्या मुलीला बोललो. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि परत सागरगोटे घेतले.

दुसऱ्या दिवशी रहाड उघडली. सुमननं तीन उड्या घेतल्या, तिसरी माझा हात धरून. संध्याकाळपर्यंत तिला कापरं भरलं. दाजी म्हणाले पाणी बाधलं, आणि तिची षष्ठीची टोचणी हुकली. अष्टमीला सकाळी तिच्या कपाळावर आणि मनगटांवर देवी दिसल्या.

त्याच सकाळी अक्कानं पंचमीपासून तिच्याकडे पडलेला माझा रंगानं माखलेला कोट धुवायला घेतला आणि खिशात हात घातला. डहाळा चार दिवस खिशात होता. अक्का तो हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. एक पान सुकलेलं नव्हतं.

"हे कुठलं?"

"दारावर होतं. चतुर्थीला."

"माझ्या दारावर?" तिनं वळून चौकटीच्या फटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि तू तिला रहाडीत नेलंस." डहाळा तसाच घेऊन ती नळावर गेली. मी तिच्या मागं गेलो.

नळावर गर्दी होती. अमीनाबी घागर भरून डोक्यावर घेण्याच्या बेतात होती. सुमनचं कळताच ती म्हणाली, "चल, मी येते. डोळे सांभाळायला हवेत आधी." तेवढ्यात विठोबानं तिची वाट अडवली.

"कुठं निघालीस? माझ्या घरी आलीस तेव्हाबी अशीच निघाली होतीस."

"तुझ्या पोराला ताप आल्यावर आले मी, विठोबा. आधी नाही."

"आधी तुझा डहाळा आला."

गोविंदशेट मध्ये पडले. माणूस वाईट नाही, पण गर्दी ज्या बाजूला वाहते तिकडे तोंड करून उभा राहतो. ते माझ्याकडे वळले. "केशवराव, तुम्ही चतुर्थीला त्या दारासमोर बसला होतात. सगळ्यांनी बघितलंय. डहाळा लावायला कोण आलं होतं? हीच ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे फिरल्या. नुसता नळ वाहत होता.

वाचकहो, मला खरं उत्तर ठाऊक होतं. कुणी आलं नव्हतं. एवढं बोललो असतो तर ती बाई त्याच क्षणी सुटली असती. पण 'कुणी आलं नाही आणि डहाळा लागला' असं मी भर नळावर म्हणायचं? अंगात येणाऱ्यांना मी पत्रकांतून झोडपलेलं, 'अज्ञानाची पाटी' मी छापलेली. उद्या हेच लोक म्हणाले असते, बघा, केशवनं स्वतः देवी बघितली. मला माझ्या पत्रकांची लाज राखायची होती.

मी म्हणालो, "माझं लक्ष प्रुफात होतं."

अमीनाबीनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "प्रूफ तरी नीट वाचलंस का?"

मग विठोबाची लाथ घागरीला बसली.

सुमन वाचली. साडेतीन आठवडे अक्का आणि मी आळीपाळीनं तिच्याशी बसलो. आम्हाला धड काही येत नव्हतं. देवी-डॉक्टरांनी सांगितलं तसं करत गेलो, पण डोळ्यांकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. डाव्या डोळ्यावर फूल पडलं. डॉक्टर म्हणाले, "ती कल्हईवाली बाई कुठं गेली? तिच्या हाताखालच्या एकाही पोराचा डोळा गेलेला मी पाहिला नाही." मी सांगितलं कुठं गेली आणि का. ते पिशवी उचलून चालू लागले.

आणि आळीत काय झालं? अमीनाबीच्या खोलीला कुलूप, ती इगतपुरीत, आणि चैत्र उजाडता उजाडता डहाळा आला — गोविंदशेटच्या दारावर. गर्द हिरवा, ओला. भर सकाळी, कारखान्यात सहा माणसं काम करत असताना. शेट स्वतः मला बोलवायला आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "केशव, तिचं तर कुलूप आहे रे. मग हे कुणी?"

"मला माहीत नाही."

"काढू का?"

"काढू नका," मी म्हणालो. "दार लावून घ्या, येणंजाणं बंद करा, आणि डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा. घरातल्या न टोचलेल्या सगळ्यांना टोचा."

त्यांनी ऐकलं. त्यांच्या सुनेला देवी आल्या. घरातल्या बाकी कुणाला नाही. त्यानंतर आणखी तीन दारांवर डहाळा आला, तिन्ही घरांनी तेच केलं, आणि साथ त्या घरांच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. टोचणीनं काय होतं ते मला समजतं, त्यात गूढ काही नाही. दार बंद ठेवल्यानं काय होतं तेही समजतं. डहाळा कोण लावत होतं हे मला समजत नाही. ताप यायच्या आधी दार कसं कळायचं, हे तर अजिबात समजत नाही. वैशाखात साथ सरली, आणि डहाळे यायचे थांबले.

मी इगतपुरीला जाऊन आलो. अमीनाबीचा भाऊ रेल्वेत फायरमन आहे. त्याच्या चाळीच्या अंगणात ती कुणाची तरी परात घासत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्रूफ, सुमन, खिसा, सगळं. तिनं हात थांबवला नाही.

"पोरीचा दुसरा डोळा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग रडतोस काय." मी रडत नव्हतो, पण तिनं तसं म्हटलं.

"खाला, तुम्हाला काय वाटतं? डहाळा कोण लावायचं?"

"मला काय ठाऊक. मी पाला पाटीत भरून आणते, दाराला लावत नाही. लावायचं काम घरच्यांचं." तिनं परातीला आणखी राख लावली. "कुणी का लावेना. कुणीतरी सांगत होतं ना? तू तीन वेळा उपटलंस."

"परत चला."

"तुझ्या एकट्याच्या म्हणण्यानं? तू एकटा तर तेव्हाही होतास नळावर." तिनं परात उन्हात धरून पाहिली. "ज्यांनी घालवलं ते सगळे न्यायला आले तर येईन. दिवसाउजेडी. नाहीतर इथंही भांडी काळी पडतातच."

हे मी आळीत येऊन सांगितलं. गोविंदशेट म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. विठोबा म्हणाला, तिच्या जाण्यानंच साथ गेली. मी म्हणालो, तिच्या जाण्यानंतर चार डहाळे आले, चार घरं निजली, साथ कुठं गेली? त्यावर तो म्हणाला, "तुझी पत्रकं तूच वाच." बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. मान हलवायला काही लागत नाही.

म्हणून हे पत्रकात नाही, या सदरात लिहितोय, जिथं लिहायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माझ्या मंडळानं मला काढून टाकलं तरी चालेल. चतुर्थीला दुपारी बारा वाजता अक्काच्या दारी कुणीही आलं नाही. अमीनाबी तर नाहीच. मी बघत होतो, आणि अष्टमीला मी खोटं बोललो. हे आता छापून झालं, मला मागं घेता येणार नाही.

त्या सकाळी नळावर जे होते त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. ती मी इथं देत नाही, कारण ती तुम्हाला स्वतःला ठाऊक आहेत. हा अंक हातात पडल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळची गाडी पकडून मी इगतपुरीला निघणार आहे. नाशिक रोडच्या फलाटावर सात वाजल्यापासून उभा असेन. विठोबा, गोविंदशेट, आणि लवंडणाऱ्या घागरीला वाट करून देण्यासाठी मागं सरकलेल्या तुम्ही सगळ्यांनी — तिकीट काढा आणि या.